सैल कन्व्हर्टर

"गाडी चालवतं कोण?" फोनवरून क्लेटनने विचारलं.

रॉइसचे दोन्ही हात गिअरबॉक्सच्या तेलाने माखले होते, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकून बाकावरच्या पान्यांना टेकवून उभा केला होता. आतापर्यंतची उत्तरं सोपी होती. कॅमारो, ऑटोमॅटिक. वजन साडेतीन हजार पौंड. मागचे गिअर आणि इंजिनातला कॅम, दोन्ही कंपनीचेच.

"वजन काट्यावर केलंस की अंदाजपंचे?" क्लेटनने मघाशी विचारलं होतं.

"काट्यावर."

"मग तू पहिलाच. फोन करणारा जो तो गाडी हलकी सांगतो आणि इंजिन तगडं. मी त्या थापेच्या मापाने कन्व्हर्टर बांधतो आणि नंतर शिव्याही मीच खातो. बरं, सध्या आत काय आहे?"

"छत्तीसशेचा. कोणीतरी शर्यतीसाठी बांधून घेतला आणि नेलाच नाही. स्वस्तात मिळाला."

"कंपनीच्या साध्या कॅमवर छत्तीसशे?" क्लेटन खदखदून हसला. "अरे बाबा, ती गाडी आहे की मिक्सर?"

रॉइस हसला नाही. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला तेलाने भरलेला लोखंडी डबा. इंजिन ते तेल फिरवतं आणि तेल गाडीला ढकलतं. डबा सैल असला की इंजिनाचे फेरे खूप वर, या डब्यात मिनिटाला छत्तीसशेपर्यंत, चढेपर्यंत गाडी जागची नीट हलत नाही आणि मग एकदम झेप घेते. शनिवारच्या ड्रॅग रेसमध्ये नेमकं हेच हवं असतं. सोमवार ते शुक्रवार ती गाडी कोण चालवतं, हे बसवताना त्याला आठवलं नव्हतं असं नाही.

घराकडचं दार उघडून त्याची बायको आर्लीन गॅरेजमध्ये आली. तिच्या हातात सँडविचची बशी होती.

"हे खाऊन घे. शेजारच्या डेनीसशी बोलले मी. सोमवारपासून लायब्ररीत कामाला तीच मला सोडणार. येताना लायसन्सही परत करून टाकते, विषय संपला."

"अगं, थांब ना जरा. एवढी घाई कशाला?"

"काय थांबू? काल शाळेपाशी गाडी नुसती किंचाळत उभी. मागचे हॉर्न मारतायत. म्हटलं, पाय नीट पडत नसेल, म्हणून आणखी दाबला. तर अशी उसळली की क्रॉसिंगवर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या वॉलीने बॉनेटवर हात आपटला. मुलं त्याच्या मागे उभी होती, रॉइस."

त्याने चिंधी उचलली आणि हात पुसायला सुरुवात केली.

"केमोने तळपाय बधिर होतात, हे माहीत होतं. पण पेडल किती दाबलंय तेच कळेनासं झालंय मला. डॉक्टर म्हणालीच होती, ज्या दिवशी पेडल कळणार नाही त्या दिवशी थांबायचं."

"हॅलो? आहेस का, भावा?" फोनमधून आवाज आला. "तू चालवणार असशील तर अठ्ठावीसशेचा देतो. मजा येईल. आकडा कुठलाही असो, किंमत तीच."

आर्लीनने फोनकडे बघितलं. "कोण आहे?" तिने हळूच विचारलं.

"कन्व्हर्टरवाला."

"तू तर म्हणालास तेल गळतंय."

"हो. म्हणालो होतो."

फोन बंद करून नंतर लावता आला असता. ती आत गेली असती. मग एखादा बेताचा, घट्ट कन्व्हर्टर बसवायचा आणि एखाद्या सकाळी म्हणायचं, एकदा चालवून तर बघ. गाडी पेडलसरशी हलली असती. तिला वाटलं असतं, पाय सुधारला. तिला आनंदच झाला असता. रॉइस कालपासून हा बेत मनात घोळवत होता आणि त्यात त्याला एकही चूक सापडली नव्हती.

"माझी बायको चालवते," तो फोनला म्हणाला. "रोज. मी फक्त शनिवारी."

क्लेटनने आकडा पुन्हा विचारला.

"छत्तीसशेवर?"

"तीन आठवडे झाले."

"अरे, मग सांगितलंयस ना तिला, की हा सैल आहे म्हणून? नाहीतर बिचारीला वाटायचं, आपल्यालाच चालवता येत नाही."

"नव्हतं सांगितलं," रॉइस म्हणाला. चिंधी काळी झाली होती, हात तसेच होते. "आत्ता सांगतोय. ती इथेच उभी आहे."

"बापरे," क्लेटन म्हणाला. मग घसा साफ करून, वेगळ्याच आवाजात, "वहिनी, माफ करा हं. मी आपला असंच..."

आर्लीनने बशी बाकावर ठेवली. स्टँडवर चढवलेल्या गाडीकडे, तिच्या पोटाखाली लोंबणाऱ्या गिअरबॉक्सकडे ती बराच वेळ बघत राहिली. रॉइसकडे तिने बघितलंच नाही.

मग तिने उजव्या पायातली सपात काढली आणि अनवाणी पाऊल सिमेंटवर ठेवलं. खाली न बघता, आधी टाच, मग चवडा. पाऊल थोडं पुढे सरकलं आणि तिथेच थांबलं.

"इथे वॉशर पडलाय," ती म्हणाली. "त्याचं मधलं भोकसुद्धा कळतंय मला."