उसाचा पाक

सुरुवातीच्या सुट्या रबरी पट्टीवर टेकलेला केवॉनचा हात थरथरत होता. चाळीस यार्ड धावताना तो वाऱ्यालाही मागे टाकी, पण आज वेळ यंत्र मोजणार होतं. हात जरासा हलला की घड्याळ सुरू. लुइझियानाच्या मैदानावर मोठ्या अमेरिकी फुटबॉल संघांचे पारखी बसले होते आणि याच धावेवर निवड ठरणार होती. कोच थिबोडोनं गुपचूप त्याच्या बोटांना उसाचा पाक फासला. “आता हलवून दाखव, लेका.” “पण कोच, सुटायचं कसं?” “ते पाय बघतील.” केवॉन सुटला, शेवटाला पोचला आणि बघतो तर सुरुवातीची पट्टी बोटांना चिकटून आलेली. “सुरुवात सोबतच आणलीस,” एक पारखी म्हणाला, “मग धावलास किती?” सगळे हसले, केवॉनही. हात धुऊन तो पुन्हा वाकला. आता त्याचा हात स्थिर होता. थरथरत होता तो पाकाची बाटली लपवणाऱ्या कोचचा.