खाडीचे अकरा मासे

चौकशी अहवालाचे तिसरे कलम असे होते : ‘खाडीतील मासे प्रवाळांच्या समुद्री टाकीत जिवंत राहू शकत नाहीत. प्रयोगशाळा परिचर उज्ज्वला आडे यांनी तज्ज्ञ मार्गदर्शनाविना असे मासे त्या टाकीत सोडून महाविद्यालयाच्या मालमत्तेची हानी केली.’

या कलमाची अडचण एवढीच होती, की ते प्राणिशास्त्राच्या ज्या प्रयोगशाळेत मोठ्याने वाचले जात होते, त्याच खोलीत ते अकरा मासे पोहत होते. तळहाताएवढे, चपटे, रुपेरी, डोळ्यावरून काळा पट्टा गेलेले. एकाने अंग वळवले की अकराही वळत. हानी झालेले प्रवाळ खाली खडकावर आपली बोटे उघडून निवांत डोलत होते. समुद्र तिथून पाचशे किलोमीटरवर होता.

अहवाल विभागप्रमुख भागवत सरांनी लिहिला होता. तक्रारदार तेच, तज्ज्ञ तेच. सात महिन्यांपूर्वी त्यांनीच असे वीस मासे मुंबईहून मागवले आणि त्यांतले नऊ निमखाऱ्या पाण्याची पिशवी फोडून तासाभरात थेट खाऱ्या पाण्यात सोडले. नऊही संध्याकाळपर्यंत मेले. त्या एका संध्याकाळवरून सरांनी निसर्गाचा नियम काढला आणि उरलेले, रुपयाच्या नाण्याएवढे अकरा मासे फेकून द्यायला सांगितले. ज्या मालमत्तेची आता एवढी काळजी होती, ती ही.

उज्ज्वला हात बांधून टाकीपाशी उभी होती. वाशीमच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी रोज अर्धी बादली उडे, मीठ मात्र मागे राही. काचेवर स्वतः ओढलेल्या रेघेपर्यंत गोडे पाणी रोज तीच भरी. रविवारीसुद्धा. आज हे मासे अंगणातल्या हौदात हलवायचे ठरले होते. त्या हौदात बोअरचे गोडे पाणी होते. त्यात ते उद्याची सकाळ पाहणार नाहीत, हे या खोलीत तिलाच ठाऊक होते. देवमन शिपाई त्याच पाण्याची बादली आणि जाळी घेऊन दाराशी तयार होता.

“काढून घे,” भागवत सर म्हणाले.

देवमनने काचेला नाक लावले. “सर, कागदात तं हे जगत नाहीत म्हन्ते. हे तं पोहून राह्यले. कोन्ते काढू?”

“ते तात्पुरते जिवंत आहेत.”

“तात्पुरते तं आपन सगयेच हावो, सर.”

प्राचार्य ज्योत्स्ना मॅडमनी चष्मा काढला. “उज्ज्वला, किती दिवस झाले यांना या टाकीत?”

“साडेपाच महिने, मॅडम. त्याच्या आंधी मी कमी खाऱ्या पान्याच्या ड्रमात ठेवले होते.”

“प्रश्न दिवसांचा नाही, पद्धतीचा आहे,” भागवत सर म्हणाले. “कोणता ग्रंथ वाचला हिने? कोणत्या तज्ज्ञाला विचारलं? विचारलं नाही, एवढं कबूल करू द्या. मग मासे जगोत की मरोत.”

“म्हन्जे मेले तं माही चूक, अन् जगले तरी माहीच?” उज्ज्वला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “जाळी टाकाच्या आंधी माहं लिहून घ्या, मॅडम. मी कबूल कराले तयार हावो.”

“सदर कर्मचारी आपली चूक मान्य करते, असं लिहा,” सरांनी घाईने सुचवले.

“ती बोलेल तसं लिहीन,” मॅडम म्हणाल्या.

उज्ज्वला बोलली. टाकीकडे पाहून नव्हे, सरांकडे पाहून. तिचे बोलणे संपल्यावर मॅडमनी तिसऱ्या कलमावर आडवी रेघ मारली आणि देवमनला बादली बाहेर झाडांना ओतायला सांगितली. खोडलेल्या कलमाच्या जागी आता अहवालात शब्दशः एवढेच आहे :

“हो, कोन्या साहेबाले विचारलं नाही. पुस्तक बी वाचलं नाही. आमी लहान होतो तवा तांड्यावरून ऊसतोडीले जात होतो. माही माय घरच्या इहिरीच्या पान्याची कॅन संगं घे. पह्यल्या दिवशी त्याच्यात वाटीभर फडावरचं पानी टाके, दुसऱ्या दिवशी दोन वाट्या, अन् असं करत करत आमाले तिकडचं पानी पाजे. बाकीच्यायचे लेकरं फडावर जाऊन आजारी पडत. आमी चौघं कधी पडलो नाही. मी मासोयीयले तेच केलं. ड्रमातलं तांब्याभर काढलं, टाकीतलं खारं तांब्याभर टाकलं, मंग रोज थोडं थोडं वाढवलं. बेचाळीस दिवस. तज्ज्ञाचं नाव पाह्यजेच असन, तं पुरं लिवा : रुपाबाई लखीराम आडे.”