कोपराचं माप

मुलांनो, समजा तुम्ही एका लांबट दुकानात उभे आहात. दोन्ही भिंतींवर स्वयंपाकघरातली स्टीलची सिंक ओळीने टांगलेली आहेत. उथळ, खोल, एका कप्प्याची, दोन कप्प्यांची. प्रत्येकात तुमचा चेहरा दिसतो. कुठे लांबुडका, कुठे चपटा.

दिसला ना? आता तुमच्या शेजारी एक मुलगी उभी करा. वय आठ वर्षं, अंगाने एवढीशी. घरात तिला मुंगी म्हणत.

मुंगीचे बाबा खांबाला टेकून उभ्या उभ्या पेंगत होते. ते रात्रपाळीला पाव भाजायच्या कारखान्यात जात. आई एका उपड्या लाकडी खोक्यावर बसली होती. ती दिवसभर रुग्णालयातल्या चादरी धुवायच्या खात्यात काम करी. बाबा संध्याकाळी पाचला घरातून निघत, आई सातला परत येई. मधल्या वेळात शेजारच्या मावशी मुंगीकडे डोकावून जात. आज दोघांना एकदम सुट्टी मिळाली होती. अशी सुट्टी गेल्या चार महिन्यांत मिळाली नव्हती.

घरचं सिंक पार गेलं होतं. पत्रा गंजून खाली पाणी ठिबकत होतं.

"घाई करू नका," दुकानदार आजोबा म्हणाले. "एकदा दगडात बसवलं की पंधरा वर्षं हलत नाही. चुकलं तर पंधरा वर्षं पाठ दुखेल."

पाठीचं नाव निघताच बाबा जागे झाले.

"मग उथळ दाखवा," ते हळूच म्हणाले. "फार वाकावं लागायला नको. आधीच कामाने कंबर मोडलेली असते."

"उथळ नको हं," आई खोक्यावरून म्हणाली. "शिंतोडे उडतात. ओल्या कपड्यांनी कामावर जायचं म्हणजे किती वैताग."

बाबांनी मान हलवली. तिचं म्हणणंही बरोबर होतं.

दोघं भांडत नव्हती, हे आजोबांना आवडलं. पूर्वी मात्र मुंगीचे आई-बाबा भांडत. वर्षभरापूर्वी त्यांच्या घरी खरकट्या भांड्यांवरून रोज कुरबुर व्हायची. दोघंही दमलेली, दोघांचंही खरं. एकदा तर सुट्टीच्या दिवशी आईने पातेलं असं आपटलं की त्याला पोचा आला. त्या रात्री दोघं एकमेकांशी न बोलता जेवली. मग काय झालं कोण जाणे, कुरबुर थांबली. घर शांत झालं. त्यावर कुणी बोललंही नाही. मिटलेला विषय पुन्हा कोण उकरून काढणार?

आजोबांनी एका सिंकवर बोट वाजवलं. टण्ण! दुसऱ्यावर वाजवलं. धप्.

"सांग बरं, यातलं चांगलं कुठलं?" त्यांनी मुंगीला विचारलं.

"धप्पवालं. त्याचा पत्रा जाड आहे."

"शाबास! आणि हे बघ, याचे कोपरे गोल आहेत."

"मग बरंय," मुंगी म्हणाली. "चौकोनी कोपऱ्यात भात अडकून बसतो. नखाने काढावा लागतो. आणि आजोबा, पाणी जायच्या भोकावरची जाळी बाहेर निघते का? चमच्याने उचकटायला लागली तर हात कापतो."

"चोंबडी आहे नुसती," आई हसली. "घरीही सिंकसमोर उपडं खोकं ठेवून दुकान-दुकान खेळत असते."

"मी रोज सकाळी अडखळतो त्याला," बाबा म्हणाले.

शेवटी एक सिंक ठरलं. ना फार खोल, ना फार उथळ. गोल कोपऱ्यांचं, धप् वाजणारं.

"आता ओट्याची उंची," आजोबा म्हणाले. दुकानाच्या मधोमध एक खोटा ओटा होता. बाजूचं चाक फिरवलं की तो वर-खाली होई. त्यांनी निवडलेलं सिंक त्यात बसवलं.

"चांगला उंच करा," बाबा म्हणाले.

"हो, उंचच बरा," आईही म्हणाली.

आजोबांनी चाक फिरवलं. ओटा वर सरकला. मुंगीच्या हनुवटीपर्यंत आला, मग नाकापर्यंत.

"एवढा उंच नको ना!" मुंगी म्हणाली.

"तुझं काय जातंय गं त्यात?" बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

मुंगीने दोन्ही हात फ्रॉकच्या खिशात घातले.

"असं हवेत बोलून माप ठरत नाही," आजोबा म्हणाले. "माझा एकच नियम आहे. घरात जो भांडी घासतो, त्याने इथे उभं राहायचं. उंची त्याच्या कोपरावरून ठरवायची. या बघू पुढे."

आई खोक्यावरून उठली आणि बाजूला झाली. बाबा खांबापासून सरकले आणि तेही बाजूला झाले. दोघांच्या मधे ओट्याकडे जायची वाट मोकळी राहिली.

"अगं, जा ना," बाबा म्हणाले.

"मी? अहो, तुम्ही जा."

"लाजतेस काय? तुझ्या पाठीसाठीच तर चाललंय हे सगळं."

"माझ्या पाठीसाठी?" आईने त्यांच्याकडे पाहिलं. "कामावर जायच्या आधी रोज भांडी तुम्ही घासता ना?"

"मी तर पाचला सगळं तसंच टाकून पळतो. संध्याकाळी आल्यावर तू घासतेस."

"मी येते तेव्हा सिंक रिकामं असतं."

आजोबांचा हात चाकावर तसाच राहिला.

मुंगीने आईचं रिकामं खोकं फरफटत ओट्यापाशी आणलं, डुगडुगत नाही ना ते पायाने दाबून पाहिलं, आणि त्यावर चढून फ्रॉकच्या बाह्या कोपराच्या वर सारल्या.