बारीक शिट्टी

गाडी चढावर धापा टाकते, अशी तक्रार होती. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या तोंडाशी, पाइपात कुठेतरी हवा गळत होती. गॅरेजवाल्याने इंजिन बंद ठेवून पाइपात कंप्रेसरची हवा भरली, डोळे मिटले, कान लावला. एरवी एवढ्यावर त्याचं बोट नेमकं फटीवर जाऊन टेकायचं. आज ते चाचपडतच राहिलं. हवेची बारीक शिट्टी दारात उभ्या बायकोलासुद्धा ऐकू येत होती. “अहो, जन्मभर माझं ऐकलं नाहीत, निदान गाडीचं तरी ऐका!” ती हसली. तो वळलाच नाही. त्याने गुपचूप साबणाचा फेस पाइपाला फासला. सांध्यापाशी बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. तिथली क्लिप त्याने आवळली, शिट्टी थांबली. हाका मारून शेवटी बायकोने खांद्यावर हात ठेवला, तसा तो दचकला. “थांबली का गं?” तिच्या ओठांकडे बघत त्याने विचारलं. तिने नुसती मान डोलावली.