तापात सुचलेली उपपत्ती

शूलपाणी वारियर होडीतून उतरले, तेव्हा त्यांचा जुना मित्र इरवी वारल्याला सोळा दिवस झाले होते. नीळा नदीच्या या काठावर ते एकतीस वर्षांनी येत होते.

इरवीची धाकटी बहीण उमयम्मा ओट्यावर देवळासाठी माळा ओवत बसली होती. तिने त्यांना ओळखलं, चटई टाकली, ताक आणून दिलं. कशाला आलात, असं विचारलं नाही.

इरवी आणि शूलपाणी एकाच गुरूंकडे गणित शिकले. वर्तुळाचा परीघ न संपणाऱ्या बेरजेने काढायचं सूत्र गुरूंनी दिलं होतं. ते खरं का, याची उपपत्ती मात्र शिष्यांनी शोधायची होती. दोघे वर्षभर झटत होते. तेवढ्यात शूलपाणींना देवी आल्या. घरचे जवळ यायला धजेनात. इरवीला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या, म्हणून त्याने मित्राला आपल्या घरी आणलं आणि चौदा दिवस त्याच्या उशाशी बसून राहिला.

पंधराव्या दिवशी ताप उतरला. शूलपाणी शुद्धीवर आले ते सगळी उपपत्ती डोक्यात घेऊनच. हा देवीचा प्रसाद, असं ते समजले.

महिन्याभराने गुरूंसमोर ती मांडताना ते एका पायरीवर अडखळले. इरवीने ती पायरी सहज सांगून टाकली. पुढचीही सांगितली. शूलपाणींचं डोकं फिरलं. मी तापात बरळलो आणि याने उशाशी बसून ते उचललं, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. गुरूंनी विचारलं, तर इरवी मान खाली घालून गप्प राहिला. मग सगळ्यांनी त्याला चोरच धरलं. उपपत्ती शूलपाणींच्या नावाने शिकवली जाऊ लागली; लोक त्यांना आशान, म्हणजे गुरुजी, म्हणू लागले. इरवी गावकऱ्यांच्या पत्रिका मांडत म्हातारा झाला.

शूलपाणींनी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"तो असताना यायला हवं होतं," ते म्हणाले. "पाय उचललाच नाही. मी त्याला माफ केलंय, उमयम्मा. कधीच केलंय."

ती फुलं ओवत राहिली.

"माझ्याबद्दल काही बोलायचा का?"

"शूलपाणी जगला यात सगळं आलं, म्हणायचा."

त्यांचे डोळे भरून आले. त्याचा तरी काय दोष, ते म्हणाले. कानावर पडलेलं माणूस नकळत आपलंच समजून बसतो.

उमयम्माचा हात थांबला.

"वैद्य सांगून गेले होते, याच्या कानाशी बोलत राहा, नाहीतर हा हातचा जाईल. दादाला गणिताशिवाय दुसरं काय बोलता येणार?" तिने माळ टोपलीत ठेवली. "तुमचा घसा आतून फोडांनी भरला होता, आशान. चौदा दिवसांत तुमच्या तोंडून एक शब्दही फुटला नव्हता."