लुगड्याची घडी

शास्त्रीबुवांनी लुगड्याची घडी घातली आणि वृषालीच्या मनात पाल चुकचुकली.

पडवीत ते दोघंच होते. बाहेर अंगणात आणे पठारावरची सगळी वाडी जमत होती. भानामतीने डागलेली लुगडी, धोतरं, चादरी बुवांपुढे ढिगाने पडली होती आणि प्रत्येकावर काळीशार फुली होती. बुवांनी एक नऊवारी उजेडाकडे धरून पाहिली, फुलीचा वास घेतला. मग मन दुसरीकडेच असल्यासारखं काठ हनुवटीखाली धरला, हात लांबवले, टोकाला टोक जुळवलं, पुन्हा दुमडलं. चुटकीसरशी घडी तयार. वृषालीच्या बापाला आख्ख्या जन्मात स्वतःच्या धोतराची घडी जमली नव्हती, आणि शाळेच्या मास्तरांनी भानामती उतरवायला आणलेला हा पैठणचा पंडित नऊवारी आवरत होता!

आता एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जुळायला लागली. बुवा विहिरीवर पुरुषांत आंघोळीला जात नाहीत, ते म्हणे सोवळं. दाढीमिशीचा पत्ता नाही, ते म्हणे ब्रह्मचर्याचं तेज. फेटा तर झोपतानाही उतरत नाही. शास्त्री म्हटला की आपली माणसं पायांवर डोकं ठेवतात, तोंडाकडे नीट बघायचं कुणाला सुचत नाही.

"तुमी बाई हाये," वृषाली म्हणाली.

बुवांनी घडी खाली ठेवली. "आणि तू मघापासून मूठ का आवळून बसलीस?"

वृषालीने उजवा हात ओढणीखाली ओढला. ती घाबरली, आणि त्याहून जास्त चिडली. पहिली फुली तिनेच काढली होती, साखरपुड्यासाठी आणलेल्या साडीवर, न्हाणीमागे बसून, बिब्ब्याच्या जहाल तेलाने. बिब्ब्याचा डाग सात धुण्यांत निघत नाही. घरात भानामती शिरली म्हटल्यावर घोडेगावचे पाहुणे आले तसे परत गेले. लग्न टळलं, घाटाखालचं कॉलेज चालू राहिलं. पुन्हा पाहुण्यांचा विषय निघाला की घरातल्या आणखी कशावर तरी फुली. एवढंच तिला हवं होतं. पण गावाला कुणाचं तरी नाव लागतं. शेजारची कोंडाबाई एकटी, पोरंबाळं नाहीत, खोपटं वृषालीच्या घराच्या कुंपणाला लागून. तेवढं गावाला पुरलं.

"मी आत्ता भाईर जाऊन सांगन," वृषाली दबक्या आवाजात म्हणाली. "बुवा न्हाई, बाई हाये म्हनून."

"सांग की."

"मंग तुमी माजं सांगाल."

"नाही. तुझं तूच सांगायचं."

"लई सोपं हाये व्हय? तुमी सोता सोंग घेऊन आलाय."

बाईच्या चेहऱ्यावरचा शास्त्री क्षणभर उतरला. "बाई म्हणून आले असते तर तुझ्या बापाने ओटीवर पाट मांडला असता का? दुसरी चेटकीण म्हणून मलाच आधी हाकललं असतं." तिने अंगणाकडे मान वळवली. "तिला हाकलताहेत ना, तसं."

कोंडाबाई तुळशीपाशी उकिडवी बसली होती. शेजारी बोचकं. कुणी सांगायच्या आधीच तिने ते बांधून आणलं होतं. वृषालीने मान फिरवली. तिकडे बघायचं ती पहिल्यापासूनच टाळत होती.

"आदी तुमी फेटा उतरवा," ती फणकाऱ्याने म्हणाली, "मंग मी मूठ उघडते."

हे काही होणार नाही, याची तिला खात्री होती. एवढ्या बाप्यांपुढे कोण उतरवतंय फेटा! घडी केलेलं लुगडं उचलून बाई अंगणात गेली. वृषाली मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली.

"हां, बुवा," वृषालीचा बाप धर्माजी पुढे सरसावला. "आता काय त्ये सोक्षमोक्ष करा. ह्या म्हातारीला आजच्या आज गावाभाईर काढायची का न्हाई, तेवढं बोला."

"फुल्या भानामतीच्या नाहीत. बिब्ब्याच्या आहेत. आणि त्या या आजींनी काढलेल्या नाहीत."

"मंग कुनी काढल्या?"

बाईने लुगडं खाली ठेवलं, फेट्याचं टोक धरलं आणि एकेक वेढा सोडायला सुरुवात केली. शेवटचा वेढा सुटला तशी जाडजूड वेणी पाठीवर पडली.

"आरं तिच्या! ही तर बाई!"

एकच गलका उठला. धर्माजी लालबुंद झाला. "मास्तरनं आनली हिला, बोलवा त्याला!" कुणी म्हणालं, ही म्हातारीचीच चेली. दोघं बाह्या सरसावून पुढे झाले. बाई फेटा हातात घेऊन जागची हलली नाही.

वृषालीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मागचं दार उघडं होतं. गुपचूप आत गेली असती तर साऱ्या जन्मात कुणाला कळलं नसतं. घोडेगावची सोयरीकही पुन्हा जुळली नसती. तिने दाराकडे पाहिलं. मग नको नको म्हणत बोचक्याकडे पाहिलं.

ती पायऱ्या उतरली. माणसांच्या मधून वाट काढत तुळशीपाशी गेली आणि कोंडाबाईपुढे मूठ उघडली. तळवा सोलवटला होता, बोटांना टरारून फोड आले होते.

गलका थांबला. धर्माजीने त्या हाताकडे पाहिलं, मग लुगड्यावरच्या फुलीकडे.

कोंडाबाईने तो हात आपल्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"बिब्बा लई उतलाय की गं पोरी," ती म्हणाली. "खोबरेल न्हाई लावलंस व्हय?"