पाचवा बार

पाचवा बार वाजला आणि तुकाने मूठ मिटली.

वांगणीच्या वरच्या पाड्यावर विहिरीचं काम चाललं होतं. सुरुंग लावणारा तुका. एका खेपेला कातळात पाचच भोकं पाडून त्यात दारूच्या कांड्या ठासायच्या, हा त्याचा कायदा. दर आवाजाला एक बोट मिटायचं. सहावं भोक पाडलं तर मोजायला दुसरा हात लागतो, आणि दुसरा हात कानावर असतो. एखादं बोट उघडं राहिलं, म्हणजे एक भोक न उडता राहिलं, तर उद्यापर्यंत कुणी विहिरीत उतरायचं नाही. मूठ मिटली, की उतरायचं. सरकारी नियम याहून बरेच लांब आहेत; पण ते बोटांवर मावत नाहीत.

कांड्यांमध्ये टीएनटी. "हीच दारू तोफगोळ्यात भरतात. शत्रूचा बंकर जागेवर उडतो," इंजिनिअर साहेबांनी एकदा अभिमानाने सांगितलं होतं.

"मग तिथं पाणी लागतं का, साहेब?" तुकाने विचारलं होतं.

साहेबांनी विषय बदलला.

पाड्याला मात्र पाणी लागायची चिन्हं होती. कालच कातळाला ओल फुटली होती, आणि टँकरने तर कधीच तोंड फिरवलं होतं. आता धूर विरतो न विरतो, तोच तुकाची बायको रुपी पहार घेऊन काठावर हजर.

"मोजले ना नीट?"

तुकाने मूठ दाखवली.

"तुजी मूठ म्हंजे तहसीलदाराचा शिक्काच!" रुपी हसली आणि शिडीवरून खाली गेली.

तळाशी फुटक्या दगडांचा ढीग. ती एकेक दगड उचकटून बाजूला सारू लागली. वर बायका हंडे घेऊन बसल्याही.

तेवढ्यात तुकाचा फोन वाजला. रुपीचा भाऊ, दिपेश. दरीपलीकडे मोखाड्याच्या रस्त्यासाठी डोंगर फोडतात, तिथे तोही सुरुंगावरच. तिथला बार रोज संध्याकाळी उडतो.

"दाजी, आज आमचा बार दुपारीच उडवला. मुकादमाला जव्हारला लग्नाला जायाचं हाय. तुमचे वाजत होते, त्यातच घुसवला आमचा एक. ऐकलात का?"

तुकाने ऐकला होता. मोजलाही होता.

फोन टाकून तो काठाकडे धावला, वाकला. तो हाक मारायच्या आत खालून रुपीच खुशीत ओरडली,

"आरं, इथं भोक आयतंच हाय! पहार कशी बरोबर बसली बग!"